शाळा सोडणाऱ्या लेकरांना कोणी विचारले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एकीने चार शब्द बोलावेत, अशी या मंडळाची रीत आहे. यंदा कार्यकारिणीने मला विषय दिला, ‘शाळा आणि लोकशाही’. विषय फार मोठा आहे आणि मी सातवीपर्यंत शिकलेली. तेव्हा मी तो माझ्या पदरात मावेल एवढा करून घेतला आहे. शाळा सुधारली पाहिजे असे सगळेच म्हणतात. मंत्री म्हणतात, शिक्षक म्हणतात, वर्तमानपत्रे म्हणतात, आपणही हळदीकुंकवाला बसलो की म्हणतो. पण जी लेकरे आठवी-नववीला शाळा सोडण्याच्या बेतात असतात, त्यांना शाळेविषयी काय म्हणायचे आहे, हे कोणी विचारते का? एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

सरकारी कागदात या लेकरांना ‘गळती’ असा शब्द आहे. मला तो शब्द नेहमी खटकतो. घरातला माठ गळू लागला तर आपण माठ रिकामा करतो, उजेडाला धरतो आणि चीर कुठे आहे ते पाहतो. पाण्याला कोणी बोल लावत नाही. शाळेतून लेकरू गळाले की मात्र पहिला बोल त्या लेकराला लागतो, की अभ्यासात लक्ष नव्हते. दुसरा बोल आईबापाला, की यांना शिक्षणाची किंमत नाही. माठ उजेडाला धरायचा राहूनच जातो.

माझे माहेर लातूर जिल्ह्यात अहमदपूरकडचे आणि सासर नांदेडचे. दोन्हीकडच्या शाळांचा मला अभिमान आहे. लातूरचे नाव तर आज सगळ्या महाराष्ट्रात घेतात. १९७० साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्याच्या जोडीच्या शाळा-कॉलेजांनी कष्ट करून घेण्याची अशी पद्धत बसवली की ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दच रूढ झाला. दुष्काळी भागातली पोरे डॉक्टर-इंजिनिअर झाली, ही लहान गोष्ट नव्हे. आज नांदेडलाही दूरदूरची मुले खोल्या करून शिकायला राहतात. पण त्याच लातूर-नांदेडच्या वाड्या-तांड्यांवरची किती लेकरे दहावीची पायरीसुद्धा चढत नाहीत. गुणवत्ता यादीतल्या मुलाची मुलाखत छापून येते. त्याला विचारतात, तू किती तास अभ्यास केलास, तुझे यश कोणाचे? नववीतून निघून गेलेल्या मुलाला कोणी विचारत नाही, तुझे अपयश कोणाचे?

भगिनींनो, आपल्या मराठवाड्याला ही गोष्ट नवी वाटू नये. आपण १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरात मराठी बोलणारे पोर शाळेत गेले की दोन धडे एकदम शिकत असे, एक विषयाचा आणि एक भाषेचा. ज्याला ते जमले नाही तो घरी बसला. त्या वेळीही कोणी म्हणाले असेल की या पोरांना डोकेच नाही. पण काही माणसांनी चीर शोधली. हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली; स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. नांदेडला प्रतिभा निकेतन आणि सेलूला नूतन विद्यालय, याही शाळा लोकांनी पदरमोड करून चालवल्या. लेकरे तीच, डोकी तीच. शाळा बदलली तेव्हा ती शिकू लागली.

आणि त्या काळची मुलेही मुकी राहिली नाहीत. १९३८ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात आणि औरंगाबादच्या कॉलेजात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायचे ठरवले. मनाई झाली. मुलांनी ऐकले नाही आणि त्यांची नावे काढून टाकण्यात आली. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली आणि त्यांचे शिक्षण पुरे झाले. आमच्या शाळेत काय चालावे याविषयी आम्हालाही काही म्हणायचे आहे, असे या मुलांनी परक्या सत्तेला सांगितले. आता सत्ता आपली आहे. आपल्या राज्यात मुलाला हे सांगायला संप करावा लागू नये, एवढी अपेक्षा धरायला काय हरकत आहे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळेला व्यवस्थापन समिती सांगितली. समितीत तीन-चतुर्थांश आईबाप असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असे कायद्यातच लिहिले आहे. आपल्या मंडळातल्या काही जणी अशा समितीवर आहेत. महाराष्ट्रात तर या समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही घ्यायचे असतात. म्हणजे लोकशाही शाळेच्या दारातून आत आली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. पुढे काय होते ते बोटावर मोजून पाहा. आठवीपर्यंत शाळेत दुपारची खिचडी मिळते. नववीला ती बंद. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पुस्तके फुकट. नववीला ती विकत. पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीलाच संपते. नववीला दुसऱ्या गावी जायचे. आणि बालमजुरीचा कायदा, तो १९८६ चा, २०१६ साली दुरुस्त झाला. त्यानेही चौदा वर्षांखालच्या लेकराला कामावर ठेवायला बंदी आहे, चौदा पूर्ण झाली की फक्त धोक्याच्या कामाला बंदी. म्हणजे एकाच उंबरठ्यावर खिचडी थांबते, पुस्तके थांबतात, शाळेची सक्ती थांबते आणि शेतातली मजुरी मोकळी होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा विचार मांडला आहे, पण कायद्याचा हक्क अजून चौदापर्यंतच आहे. या उंबरठ्यावर लेकरू अडखळले तर नवल ते काय? त्याला हात द्यायचा तर आधी त्याला विचारले पाहिजे, कुठे ठेच लागली?

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघी-पाचजणी या लेकरांशी बोललो. नांदेडच्या दोन वस्त्यांत आणि माझ्या माहेराकडच्या डोंगरपट्ट्यातल्या तीन गावांत. ही काही पाहणी नव्हे, आकडे काढायला आम्ही गेलो नव्हतो. कुठे पारावर, कुठे हापशाजवळ, कुठे कुणाच्या ओसरीवर बसलो. काहींनी शाळा सोडलेली, काही सोडण्याच्या बेतात. आम्ही एवढेच विचारले, शाळा तुझ्या हातात दिली तर तू काय बदलशील? पहिल्यांदा सगळी हसली. त्यांना असे कोणी विचारलेच नव्हते. मग हळूहळू बोलू लागली. त्यांची नावे मी सांगणार नाही, म्हणणे मात्र जसेच्या तसे सांगते.

पहिला मुलगा ऊसतोड करणाऱ्या घरचा. अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड हा सगळा बालाघाटाचा कोरडवाहू पट्टा आपल्याला ठाऊक आहे. दिवाळीच्या आसपास मुकादमाच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परत येता येत नाही. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. या घरांतल्या लेकरांसाठी साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, दुसऱ्या गावी शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड निघाले. पण ही सोय मुख्यतः चौदा वर्षांपर्यंतची. हा मुलगा नववीत होता. तो म्हणाला, “मी येतो तेव्हा पोरं परीक्षेची तयारी करायलेली असतात. मला पहिलाच धडा माहीत नसतो. सर म्हणतात, आता काय सांगू तुला? माझं म्हणणं एवढंच, की आम्ही आल्यावर एक महिना आमच्यासाठी शाळा ठेवा. उन्हाळ्यात ठेवली तरी मी येतो.” उन्हाळ्याची सुट्टी सोडायला तयार असलेला मुलगा अभ्यासात लक्ष नसलेला म्हणावा का?

दुसरा मुलगा वस्तीतलाच, गॅरेजमध्ये काम करणारा. तो म्हणाला, “मला कुणी नापास केलं नाही. आठवीपर्यंत वर ढकलत आणलं. पण मला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. सरांनी वाचायला उभं केलं की पोरं हसायची. मग मी मागच्या बाकावर बसू लागलो, मग बाहेर बसू लागलो.” आम्ही विचारले, तू काय बदलशील? त्याने फार शहाणपणाचे उत्तर दिले. “ज्याला येत नाही त्याला वर्गात उभं करू नका. वेगळं बसवून शिकवा, पण कुणाला कळू देऊ नका.” मोठमोठ्या मंडळींचा वाद चालतो की मुलांना नापास करावे की करू नये. २०१९ साली कायदा बदलला आणि महाराष्ट्रात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षेत पास होणे पुन्हा आले. त्या वादात या पोराचे म्हणणे कुठेच नाही. त्याला पास-नापास यांत रस नाही, त्याला वाचायला शिकायचे आहे.

तिसरी एका तांड्यावरची मुलगी. घरात गोरमाटी बोली. ती म्हणाली, पहिलीत बाई काय म्हणतात तेच कळत नव्हते, दोन वर्षे नुसती बसून काढली. आता मराठी छान येते, पण गणिताचा पाया तेव्हाच कच्चा राहिला. किनवट-माहूरकडच्या गोंडी-कोलामी बोलणाऱ्या लेकरांचीही हीच तऱ्हा. मघाशी मी उर्दूची गोष्ट सांगितली. आपल्या आजोबांना जे दुःख होते, ते आज आपल्याच शाळेत आपल्याच शेजारच्या लेकराला आहे, हे ऐकून मला फार वाईट वाटले. त्या मुलीचा उपाय सोपा होता. “तांड्यावरची एखादी शिकलेली ताई पहिली-दुसरीच्या वर्गात बसवा.”

चौथी मुलगी दहावीची. तिचे गाव शाळेपासून आठ-नऊ किलोमीटर. मुलींना बारावीपर्यंत एस. टी. चा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे, काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्याही धावतात, आणि त्यांमुळे हजारो मुली शिकल्या, हे आपण कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण हिच्या शाळेत दहावीचा जादा तास सायंकाळी ठेवला आणि गावाची गाडी त्याच्या आधीच सुटते. जादा तासाला बसावे तर अंधारात पायी यावे लागते. आई म्हणते, त्यापेक्षा घरीच बस. आणि घरी बसलेल्या मुलीसाठी पाहुणे यायला किती दिवस लागतात, ते मी तुम्हांला सांगायला नको. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांतल्या सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात ४८ जणींचे. ती मुलगी म्हणाली, “जादा तास सकाळी घ्या. एवढंच.” सायंकाळचा तास सकाळी घेतला तर एक लग्न दोन वर्षे पुढे जाऊ शकते. हे कोणत्याही अहवालावरून कळले नसते. त्या मुलीलाच विचारावे लागले.

आणखीही काही जणींनी सांगितले, ते पुरुषांच्या सभेत कोणी बोलत नाही. मुतारी आहे पण पाणी नाही, दार आहे पण कडी नाही; म्हणून महिन्याचे चार दिवस शाळा बुडते. पाण्याचे आपल्याकडे काय होते ते २०१६ साली साऱ्या देशाने पाहिले, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात किती मुलींच्या हातात वहीऐवजी घागर होती! कोरोनात २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिकणे मोबाइलवर आले. घरात एक मोबाइल, तो बाप नाहीतर भाऊ घेऊन जाई. ज्या मुली तेव्हा मागे पडल्या त्यांतल्या काही पुन्हा वर्गात बसल्याच नाहीत.

मी विचारले, शाळेत मंत्रिमंडळ असते ना, तेथे का सांगत नाही? एक मुलगा हसून म्हणाला, “मावशी, ते हुशार पोरांचं असतं. सर नावं सांगतात, आम्ही हात वर करतो.” तक्रारपेटी असते ना? “पेटी ऑफिससमोर आहे. चिठ्ठी टाकताना कुणी पाहिलं की झालं.” आणि विद्यार्थी प्रतिनिधी? “तो आमच्यातला नसतो.” भगिनींनो, यात सगळे आले. शिक्षकदिनी मुले एक दिवस गुरुजी होतात, शाळेत निवडणूक होते, शपथविधी होतो. ते सगळे चांगलेच आहे. पण ज्याचे बरे चालले आहे त्यालाच बोलायला उभे केले तर शाळेला तिच्या दुखण्याचा पत्ता कसा लागणार? दवाखान्यात धडधाकट माणसाला विचारून आजाऱ्याला औषध देतात का?

हा विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला. मुलाशी संबंध असलेल्या गोष्टीत त्याचे म्हणणे ऐकावे आणि वयाप्रमाणे त्याला महत्त्व द्यावे, असे त्यात आहे. आपल्या देशाने तो १९९२ साली मान्य केला. त्याच्याही आधी इटली देशात एक नवल घडले. तेथे बार्बियाना नावाचे डोंगरातले लहानसे खेडे आहे. सरकारी शाळेने नापास करून टाकलेली शेतकऱ्यांची पोरे तेथे लोरेंझो मिलानी नावाच्या पाद्रीबाबांजवळ शिकत. त्या शाळेत मोठी मुले लहानांना शिकवीत. त्यांतल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लांबलचक पत्र लिहिले आणि १९६७ साली त्याचे पुस्तक झाले. त्यांनी नुसती गाऱ्हाणी मांडली नाहीत. कोणत्या घरची मुले नापास होतात याचे आकडे त्यांनी स्वतः जमवले आणि तीन सुधारणा मागितल्या. मुलांना नापास करू नका. जी मंद वाटतात त्यांना पूर्ण दिवसाची शाळा द्या. जी आळशी वाटतात त्यांना शिकण्याचा काही हेतू द्या. त्या पुस्तकाची पुष्कळ भाषांत भाषांतरे झाली. आमच्या डोंगरातल्या मुलाने आल्यावर एक महिना शाळा ठेवा म्हटले तेव्हा मला ती पोरे आठवली. त्या दोघांची भाषा वेगळी आणि देश वेगळा, पण मागणी एकच, आम्हाला काढू नका, जास्त शिकवा.

आता यावर आपल्यापैकी काहींच्या मनात शंका येतील. आमच्या घरात त्या आल्याच. माझे यजमान म्हणाले, मुलांना विचारायला गेलात तर ती सुट्टीच मागतील. मलाही ही भीती होती. पण आम्ही ज्या लेकरांशी बोललो त्यांतल्या एकानेही सुट्टी मागितली नाही. ज्याला रोज शाळेत जायला मिळते तो सुट्टी मागतो. ज्याची शाळा सुटत चालली आहे तो तास मागतो.

दुसरी शंका एका शिक्षिकाबाईंनी काढली, आणि ती रास्त आहे. त्या म्हणाल्या, “ताई, एकेका वर्गात पन्नास-साठ मुले, जागा रिकाम्या, वर जनगणना, निवडणुका, माहिती भरण्याची कामे. मी कोणाकोणाचे ऐकू?” भगिनींनो, मी आज शिक्षकांना दोष द्यायला उभी नाही. ज्या मुलाने वाचता येत नव्हते म्हणून सांगितले, त्यानेच पुढे सांगितले की एक बाई मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून वाचायला शिकवीत. त्या बदलून गेल्या आणि ते थांबले. शिक्षक हे एकट्याने पेलू शकत नाहीत, म्हणून तर समिती आहे आणि म्हणून आपण आहोत.

तिसरी शंका शिस्तीची. मुले वरचढ होतील, मोठ्यांचा मान राहणार नाही. माझा अनुभव असा, की ऐकून घेतल्याने मान जात नाही. सुनेला विचारून स्वयंपाक ठरवला म्हणून सासूचा मान कमी होतो का? ठरवायचे मोठ्यांनीच, पण ठरवण्याआधी विचारायचे. आणि जी गोष्ट करता येत नाही, तिचे कारण सांगायचे. लेकराला ‘नाही’ चालते, त्याला कोणी उत्तरच देत नाही ते चालत नाही.

मी सातवी झाले तेव्हा आठवीचा वर्ग दुसऱ्या गावी होता. घरात बोलणे झाले, वडील बोलले, चुलते बोलले, गुरुजीही येऊन बोलले. मी दाराआड उभी होते. मला कोणी काही विचारले नाही. विचारले असते तरी कदाचित शाळा सुटलीच असती, दिवसच तसे होते. पण आपल्याला काहीतरी म्हणायचे होते आणि ते घेणारे कोणी नव्हते, हे मनात राहते. अशी हजारो माणसे मनात ते ठेवून मोठी होतात. मग अठराव्या वर्षी त्यांच्या बोटाला शाई लागते आणि आपण म्हणतो, लोकशाहीत तुझे मत मोलाचे आहे. ज्याला चौदाव्या वर्षी कोणी मत विचारले नाही, त्याला हे एकदम खरे कसे वाटावे? निवडणुकीच्या दिवशी पुढाऱ्याच्या गाडीतून जाऊन सांगितलेले बटण दाबणारे मतदार आपण पाहतो. त्यांना नावे ठेवण्याआधी, त्यांना स्वतःचे म्हणणे मांडायला कोणत्या शाळेने शिकवले, हे पाहिले पाहिजे.

आता आपण काय करावे? आपले मंडळ लहान आहे. कायदा बदलणे आपल्या हाती नाही, चौदाचे अठरा करा असा अर्ज मात्र आपण करू शकतो आणि तो करावा. बाकी मी पाच गोष्टी सुचवते. पाचही खर्चाच्या नाहीत.

पहिली. आपल्यापैकी ज्या समितीवर किंवा पालक-शिक्षक संघात आहेत त्यांनी असा आग्रह धरावा, की विद्यार्थी प्रतिनिधींतला एक तरी मागच्या बाकावरचा असावा. जो गैरहजर राहतो, ज्याचे आईबाप तोडीला जातात, जो एकदा नापास झाला आहे, असा. त्याला सभेत बोलायला भीती वाटेल. म्हणून आधी एकीने त्याच्या घरी जाऊन त्याचे म्हणणे ऐकावे आणि सभेत त्याच्याशेजारी बसावे.

दुसरी. टोळ्या जाण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आधी, शाळेने आठवी ते दहावीच्या मुलांची एक बैठक घ्यावी. प्रश्न एकच असावा, तुला शाळेत राहायला काय अडते? उत्तरे लिहून घ्यावीत, आणि पुढच्या बैठकीत काय झाले, काय झाले नाही, हे मुलांना वाचून दाखवावे. हे दुसरे पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तिसरी. गाडीच्या वेळेसारख्या ज्या गोष्टी शाळेच्या हातात नाहीत, त्यांसाठी आगारात, पंचायतीत, ग्रामसभेत आपण बायकांनी अर्ज घेऊन जावे. मुलीने सांगितलेली वेळ आपण कागदावर मांडली तर ती कोणाला डावलता येत नाही.

चौथी. २०२२ च्या मार्चमध्ये शासनाने शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितले आहे. मुलींची सुरक्षितता, त्यांची शाळेतली हजेरी आणि बालविवाह रोखणे ही कामे तिच्याकडे आहेत. आपल्या भागातल्या शाळेत ती समिती आहे का आणि तिची बैठक होते का, हे आपण जाऊन विचारावे. मुतारीची कडी हा विषय तेथे निघू द्या. लाजण्याचे कारण नाही.

पाचवी ज्यांची शाळा सुटलीच त्यांच्यासाठी. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. पाचवी पास झालेल्या आणि चौदा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला तो भरता येतो. हे पुष्कळांना ठाऊकच नाही, आणि मुदत निघून जाते. मंडळाच्या खोलीत दर बुधवारी दुपारी दोघी बसाव्यात, फॉर्म भरून द्यावा आणि कागद गोळा करून द्यावेत. गॅरेजमधल्या त्या मुलाने आम्हाला विचारले होते, “मला आता वाचायला कोण शिकवील?” आम्हा कोणाला तेव्हा उत्तर सुचले नाही. आपल्या मंडळात निवृत्त झालेल्या दोन शिक्षिका आहेत. मी त्यांच्याकडे पाहून बोलते आहे, हे त्यांच्या लक्षात आलेच असेल.

भगिनींनो, पूर्वी लोकांनी मूठमूठ धान्य जमवून या भागात शाळा काढल्या. आपल्याला शाळा काढायच्या नाहीत. त्या आहेत, इमारती आहेत, गुरुजी आहेत. आपल्याला फक्त त्या लेकराजवळ जाऊन बसायचे आहे आणि ते बोलेपर्यंत थांबायचे आहे. आम्ही गेलो तेव्हा पहिला अर्धा तास कोणी बोलले नाही. उठून आलो असतो तर यांतले काहीच आपल्याला कळले नसते.

बुधवारी बसायला ज्यांची तयारी असेल त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पहिले नाव माझे लिहावे, अशी विनंती आहे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.